सात घरांचा बुरूज

आखातात, उम्म अल कुवैनच्याही पुढे, जिथे खाडी आत वळून तिवरांमध्ये शिरते, तिथे आम्ही तीन वर्षं राहिलो. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का ते पुढे कळेलच. गाव तरी काय, चाळीसेक घरं, एक मशीद, एका मल्याळी माणसाचं दुकान, होड्या ओढून ठेवायची जागा आणि खाडीच्या तोंडाशी एक जुना बुरूज. तो गोल, दोन मजली आणि एका बाजूने ढासळलेला होता. त्याच्या पायथ्याशी गोड्या पाण्याची विहीर होती आणि विहिरीमुळेच तो बुरूज बांधला होता. बाबांच्या कंपनीला त्याच्या डागडुजीचं काम मिळालं, म्हणून आम्ही तिथे गेलो. बुरुजाला लागून पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे पडवी एवढं आमचं घर. आईने पहिल्या दिवशी दारात उभं राहून खाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "चला, निदान तिवरं तरी ओळखीची आहेत." आम्ही मालवणकडचे. वाळवंटात जायचं म्हणून रडत निघालेल्या बाईला खाडी मिळाली, त्यामुळे तिचं रडणं आठवड्याभरात आटोपलं.

बाबा गवंडी. पुढे फोरमन झाले, पण विचारलं तर स्वतःला गवंडीच म्हणायचे. सिमेंटचा त्यांना मनापासून राग होता. चुन्यात वाढलेला माणूस, कंपनीने त्यांना निवडलं तेही त्यासाठीच. तिथला बुरूज समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांचा आणि गिलावा जिप्समचा. तिकडे त्याला जुस म्हणतात. जुना जुस वाया जात नाही हे बाबांना पहिल्याच महिन्यात समजलं. भिंतीवरून उतरलेले पोपडे खजुराच्या झावळ्यांवर भाजायचे, कुटायचे, चाळायचे, की तो पुन्हा नवा होतो. पाणी घातलं की बघता बघता आवळून येतो, हात चालवणारा चपळ हवा. बाबा मला शेजारी बसवून हे सगळं दाखवत. माझा भाऊ विनू तेव्हा पाच वर्षांचा, त्याचं लक्ष फक्त जाळाकडे. मी अकरा वर्षांची, आणि आपल्याला हे येतं याचा मला भयंकर माज होता. शाळा दूर, कंपनीच्या गाडीने जायचं आणि यायचं. शाळेतल्या मुलींच्या वडिलांकडे टाय होते, माझ्या वडिलांकडे भट्टी होती. मला त्यात काही कमी वाटलं नाही.

सकाळ व्हायची ती कुटण्याच्या आवाजाने. चार माणसं लाकडी मोगऱ्या घेऊन जुस कुटायची आणि त्या ठेक्यावर आई पोळ्या लाटायची, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. काम बंद पडलं की तिची पोळी जाड व्हायची. दुपारी होड्या यायच्या. सुरमई, शेरी, कधी टोपलीभर चिंबोऱ्या. कोळी लोक बाबांसाठी एखादा मासा पडवीत टाकून जायचे आणि आई त्याचं तिरफळ घालून कालवण करायची. नारळ मल्याळ्याच्या दुकानातला. "ह्यो नारळ म्हणजे नुसता लाकूड," असं ती रोज म्हणायची आणि रोज तो खवायची. शुक्रवारी इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पातून आपली माणसं जेवायला यायची, सातारा, चिपळूण, देवगड, सगळीकडची. एकेकाला दोन-दोन वर्षं घर दिसलेलं नसायचं. ती पडवीत पंगतीला बसायची आणि पहिला भात होईपर्यंत कुणी बोलायचं नाही.

आणि खल्फानबाबा. तो त्या बुरुजाचा राखणदार. पगारी होता की हौशी ते मला कधी कळलं नाही. सत्तरीचा, उंच, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तरुणपणी गलबतावर होता, लाकूड आणायला मुंबई, रत्नागिरी, पार मंगळूरपर्यंत गेलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा, तीही खलाशांची. बाबांना "उस्ताद" म्हणायचा, मला "बिंती", म्हणजे मुली. संध्याकाळी विहिरीच्या काठाला बसून काठीने वाळूत रेघा ओढत तो गावाची गोष्ट सांगायचा. ती मी इतक्या वेळा ऐकली की आजही तशीच्या तशी सांगू शकते.

"इधर कुछ नहीं था," तो सुरुवात करायचा. "पानी था, और उस बाजू दूसरे लोग. पानी उनको भी मांगता, हमको भी मांगता. सात घर होड़ी लेके आया. पहले बुर्ज बनाया, बाद में अपना घर. जब तक बुर्ज नहीं, सब लोग होड़ी में सोया."

"फिर?" मी विचारायची. पुढचं मला माहीत असायचं तरी.

"फिर जब ऊपर का कमरा खत्म हुआ, गीला जुस में सात घर ने अपना हाथ लगाया. एक घर, एक हाथ. छह आदमी का हाथ. सातवां मेरा मां का. छोटी बच्ची थी, तेरे जितनी. मेरा नाना, मामा, सब मोती निकालने गया था समंदर में. घर में आदमी कोई नहीं. तो मेरी नानी बोली, घर तो है ना? लगाओ बच्ची का हाथ."

गावातले बाकीचे म्हातारे ही गोष्ट हसण्यावारी न्यायचे. त्यांच्या मते घरं सहाच होती. खल्फानचं घर मागून आलं, विहीर खणून झाल्यावर. वरच्या खोलीत पंजे होते म्हणे, पण त्यावर इतके थर चढले होते की बघितलेलं कुणी जिवंत नव्हतं. भांडण असं नव्हे, पण लग्नाच्या पंक्तीत त्याला सातवा बसवायचे, दाराजवळ. तो चिडायचा नाही. आतून किती लागत असेल ते मला तेव्हा कळण्याचं कारण नव्हतं. आता शहरातून सरकारी साहेब येणार, बुरुजापाशी पाटी लावणार, आणि पाटीवर गाव वसवणाऱ्या घरांची नावं येणार असं ठरलं होतं. नावं सहा की सात, हे वरच्या खोलीतल्या भिंतीवर ठरणार होतं.

बाबांनी त्या भिंतीला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही, आणि साहेब येईपर्यंत गावातल्या कुणाला वर येऊ दिलं नाही. पातळ पात्याने एकेक थर उतरवत ते तीन आठवडे वर बसले. एक दिवस मी शाळेतून आले तर बाबा खाली येऊन खल्फानबाबाचा हात धरून त्याला जिना चढवत होते. मी मागोमाग. भिंतीवर ओळीने सहा पंजे, मोठे, राकट, एकाचं बोट तुटकं. आणि शेवटी, दाराच्या कडेला, सातवा. लहान. खल्फानबाबाला दिसत नव्हतं. बाबांनी त्याची बोटं त्या खोलगटावर ठेवली. ती त्याने त्या लहान पंजाच्या कडेकडेने फिरवली. मग म्हणाला, "यही है," आणि एवढंच म्हणून जिना उतरायला लागला. म्हातारा माणूस रडताना मी तोवर पाहिला नव्हता.

सातव्या पंजामागची भिंत खाऱ्या ओलीने खाल्लेली होती. गिलावा तिथे नुसता अधांतरी उभा होता, आज ना उद्या पडला असता. म्हणून बाबांनी तो तुकडा फळीवर अलगद अखंड उतरवून घेतला. मागची भिंत दुरुस्त करायची आणि तो परत जागच्या जागी बसवायचा, असा विचार. कोठीत ओल होती, म्हणून फळी आमच्या पडवीच्या कोपऱ्यात ठेवली, वर गोणपाट. आम्हाला नुसतं सांगितलं, "तिकडे जाऊ नका." असं ते दिवसातून दहा गोष्टींबद्दल म्हणायचे.

आणि दिवाळी आली. दिवाळीला अंगणात किल्ला करायचा असतो हे मराठी पोराला सांगावं लागत नाही. पण किल्ल्याला माती लागते, आणि तिथे माती नाही, वाळू. आदल्या वर्षी मी आणि विनूने वाळूचा किल्ला केला. पंगत बसेपर्यंत तो एका बाजूने घसरला, महाराज सिंहासनासकट खाली. सातारकर सावंत म्हणून एक वेल्डर होते, ते भाताचा घास हातात धरून म्हणाले, "काय गं, हा किल्ला म्हणायचा का उंटाची पाठ?" सगळी पडवी हसली. थट्टाच होती, बिचारे मुलांवर जीव टाकायचे. पण बुरुजाच्या सावलीत राहणारी, गवंड्याची पोर मी. वर्षभर ते हसू माझ्या डोक्यात राहिलं. यंदा जुसचा किल्ला करायचा हे मी पावसाळ्यातच, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यातच, ठरवून टाकलं होतं.

बाबांनी ढिगातला चुरा घ्यायला परवानगी दिली. मी तो भाजला, कुटला, चाळला. पायथा झाला, तटबंदी झाली. पण ढिगातला जुस खारट आणि मातकट, बुरूज उभे राहीनात. चांगला, जाड, पांढरा जुस हवा होता. बाबा सामान आणायला शारजाला गेले होते आणि शुक्रवार दुसऱ्या दिवशी होता. मी पडवीतलं गोणपाट उचललं.

इथे मला खोटं बोलायचं नाही. आजवर मी स्वतःला सांगत आले की लहान होते, कळलं नाही. कळलं होतं. वेगळी काढून झाकून ठेवलेली वस्तू टाकाऊ नसते, हे गवंड्याच्या मुलीला कळतं. मी तो पंजा ओळखला. मी त्यात माझा हात ठेवलासुद्धा; बरोब्बर बसला, आणि मला त्याची गंमत वाटली. मग मी मनाशी म्हटलं, भिंतीवर अजून सहा आहेत की. आणि हातोडी घेतली. तुकडे सहज झाले. विनू झावळ्या आणून देत होता. दोन तासांत माझे चारही बुरूज ताठ उभे होते, वर मोहरी पेरली, पायथ्याशी आरशाची खाडी केली, तुटक्या तलवारीचे महाराज वर बसवले. इतका सुंदर किल्ला मी आयुष्यात पुन्हा केला नाही.

शुक्रवारी माणसं आली. सावंत किल्ल्यासमोर उकिडवे बसले. मग खिशातून रुमाल काढून म्हणाले, "माझी पोरं आत्ता वाड्यामागं हेच करत असतील." ते ऐकून मला धन्य वाटलं. दुपारी खल्फानबाबा आला. आईने त्याच्या हातात करंजी ठेवली. तो किल्ल्याजवळ बसला, बोटांनी तटबंदी चाचपली, बुरूज चाचपले. "माशाअल्ला, उस्ताद की बेटी!" तो हसला. "बहुत अच्छा जुस है. पुराना जुस. ऐसा अब नहीं मिलता." आणि त्या बुरुजांवर हात ठेवून त्याने आमच्या पाहुण्यांना सात घरांची गोष्ट सांगितली. मी करंजी खात होते. उरलेली अर्धी मी विनूला देऊन टाकली.

बाबा शनिवारी सकाळी परत आले. किल्ल्याचं कौतुक करायला वाकले, बुरुजावरून अंगठा फिरवला आणि तसेच थांबले. मग कोपऱ्यात जाऊन गोणपाट उचललं. फळी रिकामी.

"बाय," ते आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, "ह्यो चुनो खंयसून हाडलंस?"

मी कुठून आणला ते सांगितलं. सगळं सांगितलं, हात ठेवून बघितला तेही. मला वाटलं मारतील. बाबांनी तोवर कधी हात उगारला नव्हता, आणि त्या दिवशी उगारला असता तर फार बरं झालं असतं. ते खाली बसले, विनूच्या उंचीएवढे झाले. मग म्हणाले, "कुणाक सांगू नको. आयेकपण नाय."

परवा हे मी शहरात, अल कुसैसला, माझ्या नातीला सांगत होते. तिला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "आजी, व्हाय डिडन्ट ही जस्ट टेल द ट्रुथ?" मी तिला व्हिसा, कंपनी, जुनी वस्तू हरवली तर काय होतं, सगळं समजावायला गेले. मग मध्येच थांबले. ते सगळं खरं होतं, बाबांना आम्हाला घेऊन त्याच महिन्यात परत जावं लागलं असतं. पण तिने विचारलेला प्रश्न तो नव्हता.

साहेब पुढच्या आठवड्यात आला. भला माणूस, शहरातला अरब, कामगारांशी हिंदी बोलणारा. वरच्या खोलीत तो, गावातले तीन म्हातारे, खल्फानबाबा आणि बाबा. आईने माझ्या हाती पाण्याची किटली देऊन मला वर पाठवलं होतं. साहेबाने सहा पंजे मोजले, फोटो काढले. मग दाराकडच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. बाबांनी तिथे नवा गिलावा केला होता, अगदी सपाट.

"इधर सातवां था," खल्फानबाबा म्हणाला. "मैंने हाथ लगाया. उस्ताद ने मेरा हाथ पकड़ के लगाया. उस्ताद, बोलो."

साहेब बाबांकडे वळला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी किटली खाली ठेवली असती, तोंड उघडलं असतं, तर काय झालं असतं याचा मी पुढे पन्नास वर्षं विचार केला आहे. तेव्हा मी दोन्ही हातांनी किटली घट्ट धरली.

"छह ही थे, साहब," बाबा म्हणाले. "इधर का प्लास्टर पहले से गिरा हुआ था. बुजुर्ग आदमी है, शायद छठे को हाथ लगाया होगा."

म्हाताऱ्यांपैकी एकाने खल्फानबाबाच्या खांद्यावर हात ठेवला. हसलं कुणी नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. खल्फानबाबा आपल्या बोटांची टोकं अंगठ्याने चोळत होता. "हो सकता है," तो हळू म्हणाला. "मेरा उंगली बूढ़ा हो गया." आम्ही त्याच्या आईचा पंजा मोडला होता, ते एक. पण आता त्याला स्वतःच्या बोटांचाही भरवसा राहिला नव्हता. ते आम्ही त्याच्या डोळ्यांदेखत, म्हणजे न दिसणाऱ्या डोळ्यांदेखत, काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आमच्याकडे आला. हातात हलव्याचं ताट. आई पदर सावरत बाहेर आली. तिला काहीच माहीत नव्हतं. तो बाबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "उस्ताद, माफ करना. मैंने सब के सामने तुमको झूठ बोलने के लिए बोला. तुम सच्चा आदमी है, नहीं बोला." बाबांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं. ते म्हणाले, "बैठो, चाय पियो." तो बसला नाही.

"रिकामा ताट परत धाडूचा नसता," म्हणत आईने त्या ताटात चकल्या आणि कडबोळी भरली आणि संध्याकाळी मला ते द्यायला पाठवलं. खल्फानबाबा दारातच चटईवर बसला होता. माझी चाहूल त्याला कळली. ताट बाजूला ठेवून त्याने मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला, घरात कुणी ऐकू नये असा.

"बिंती, तू उस दिन हमारे पीछे ऊपर आई थी. तेरी आंख अच्छी है. तूने देखा था?"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं. पाटी गेली, पंक्तीतली जागा गेली, त्याचं काही नाही. आपण म्हातारपणी भ्रमलो की नाही, एवढंच. हो म्हटलं असतं तर त्याने कुणाला सांगितलंही नसतं, असं मला आज अगदी खात्रीने वाटतं.

"नहीं, बाबा," मी म्हणाले.

"खलास," तो म्हणाला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी घरापर्यंत पळत आले. आईने विचारलं, चकल्या आवडल्या का. मी म्हटलं, हो.

महिन्याभराने पाटी लागली, सहा नावांची. पाठोपाठ शहरातल्या कुठल्याशा भारतीय शाळेची बस आली. पोरं विहिरीभोवती जमली. त्यांच्या मास्तरांना कुणीतरी सांगितलं होतं की या गावाची गोष्ट एकच माणूस सांगतो. ते खल्फानबाबाकडे गेले, सलाम करून म्हणाले, मुलांना सांगा ना, हा बुरूज कुणी बांधला. बाबा परांचीवर होते, मी खाली चाळणी धरून. खल्फानबाबाने काठी उचलली. आता तो वाळूत होड्या काढणार असं मला वाटलं. त्याने काठी वर केली आणि आवाजाच्या अंदाजाने बाबांच्या दिशेला रोखली.

"मुझे नहीं मालूम," तो म्हणाला. "उस्ताद से पूछो. बुर्ज इसने बनाया है."

पोरांनी माना वर केल्या. बाबा हातात थापी घेऊन उभे होते, आणि त्यांनी ते नाकारलं नाही.